भोकं बुजवलेलं टेबल

अनिल: हॅलो, दाजी, आवाज तुटतोय. इथं मॅच चालू आहे, लई कालवा आहे. थांबा, बाहेर जातो.

सुग्रीव: जा. बाहेर जा.

अनिल: हां, बोला आता. पण एवढ्या सकाळी? अंबाजोगाईत उजाडलं तरी का?

सुग्रीव: उजाडलं.

अनिल: ताईनं लावायला सांगितला ना फोन? मला माहितीय. रविवारी असे अवघड बॉल ठेवलेत तिच्यापुढं, म्हणलं आता बस आठवडाभर डोकं खाजवत. मारला का तिनं?

सुग्रीव: न्हाई. मारला न्हाई.

अनिल: मग हरले म्हणायला सांगा तिला. एकदा तरी म्हणू दे.

सुग्रीव: अनिल.

अनिल: आत्ताच टीममधल्या पोरांना सांगत होतो, माझी बहीण इंडियातून फोनवर खेळते माझ्याशी, बिनभोकाच्या टेबलावर. हसायला लागले. म्हणे, भोकच नाही तर बॉल जातो कुठं?

सुग्रीव: अनिल, तू बस कुठं तरी.

अनिल: का?

सुग्रीव: बस म्हणतो ना.

अनिल: बसलो. पायरीवर बसलो. काय झालं दाजी?

सुग्रीव: माया गेली.

अनिल: कुठं गेली?

सुग्रीव: काल सांजच्याला. छातीत कळ आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, पण तिथं जाऊस्तवर काही राहिलं नव्हतं. रातीच तुला फोन लावणार होतो. मग म्हणलं, तुझ्याकडं दिवस असंल. कामावर असशील.

अनिल: हं.

सुग्रीव: ऐकू येतंय ना?

अनिल: येतंय. कुठंय ती?

सुग्रीव: घरी आणलीय. घाटनांदूरची तुमची समदी आलीत. दुपारपस्तोर थांबू म्हणतेत. तू येऊस्तवर थांबता येत न्हाई रे.

अनिल: नका थांबू.

सुग्रीव: दहाव्याला ये.

अनिल: येतो. दाजी, आतून बोलवतायत. माझा नंबर आलाय.

सुग्रीव: कशाचा?

अनिल: मॅचचा.

सुग्रीव: मग जा.

अनिल: काय करू जाऊन?

सुग्रीव: मला काय माहीत. मी बी वट्यावर बसलोय. आत बाया हाईत.

(दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. अंबाजोगाई, बसस्टँडच्या मागं, पत्र्याच्या छताचा पूल हॉल. शटर अर्धं खाली. दोन टेबलं, एकाची सहाही भोकं बुजवलेली. त्यावर पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन बॉल. सुग्रीव, अनिल आणि सुतारकाम करणारे शहादेव मिस्त्री.)

शहादेव: सुग्रीवभाऊ, करवत आणली, छिन्नी आणली. कुठून सुरू करू तेवढं सांगा. खिडकीकडून का दाराकडून?

सुग्रीव: बसा की मिस्त्री. चहा सांगितलाय.

शहादेव: चहा होतोय की. हे बॉल आधी उचलून घ्या. भुसा पडंल त्याच्यावर.

अनिल: थांबा. बॉलला हात नका लावू. दाजी, हे काय चाललंय?

सुग्रीव: भोकं उघडायचीत.

अनिल: आज?

सुग्रीव: आज न्हाई तर उद्या. पोरं त्या एका टेबलावर नंबर लावून बसतेत आन् ह्याच्यावर हेल्मेटं ठिवतेत. काल एकानं पाण्याची बाटली ठिवली. मी त्याला मारायलाच उठलो. दुसऱ्याचं लेकरू. म्हणून म्हणलं, मिटवून टाकावं.

अनिल: आमच्या तिकडंही तेच आहे. मोठा हॉल, सगळी पूलची टेबलं, आणि अगदी मागं कोपऱ्यात हे एक, बिनभोकाचं. त्यावर लाकडी झाकण, झाकणावर लोकांचे कोट आन् पिझ्झाचे खोके. शनिवारी चार म्हातारे येतात, खोके बाजूला काढतात आणि खेळतात. त्यातला एक व्हिएतनामचा. ट्रान. त्यानं मला शिकवलं.

शहादेव: आन् तिथली गोरी मान्सं?

अनिल: बघत पण नाहीत. आमच्या टीमचा एकजण एकदा उभा राहिला माझ्या मागं. ट्राननं असा शॉट मारला, असा, की माझ्या अंगावर काटा आला. हा विचारतो, काय झालं आत्ता? म्हणलं, पॉइंट मिळाला. म्हणतो, कशाचा? तिन्ही बॉल तर इथंच आहेत.

शहादेव: खरंच हाय की त्याचं. मला बी ते कळलेलं न्हाई आजून. वैनीनं भोकं बुजवायला लावली, मी बुजवली. कावून म्हणून इचारलं बी न्हाई. मला वाटलं, उंदरं शिरत असतील.

सुग्रीव: उंदरं होतीच. आतल्या जाळ्या समद्या कुरतडल्या होत्या. मी म्हणलं नव्या आणू. ती म्हणली, नको, बुजवूनच टाका, मला अनिलचा खेळ खेळायचाय.

शहादेव: पर खेळ म्हंजी काय खेळ ह्यो?

अनिल: सोपाय मिस्त्री. एक बॉल आपला, एक समोरच्याचा, एक लाल. आपला बॉल त्या दोघांना लागला पाहिजे. पण दुसऱ्याला लागायच्या आधी तो तीनदा काठाला आपटून यायला पाहिजे. झालं.

शहादेव: सरळ न्हाई मारायचा?

अनिल: सरळ मारून पॉइंट नाही.

शहादेव: म्हंजी शेजारणीकडं मीठ मागायला जायचं तर गावाला येढा घालून.

सुग्रीव: तिला मी हेच म्हणलो होतो. ती म्हणली, बायामान्साला सवय असती त्याची.

अनिल: असं म्हणली?

सुग्रीव: मंग. लई तोंडाची होती. तुला फोनवर गोड बोलायची.

शहादेव: आन् हितं कवा खेळायची? मी तर कवाच पाह्यली न्हाई.

सुग्रीव: कुणीच न्हाई पाह्यली. दुपारी पत्रा तापला की पोरं पळतेत. मी जेवून आडवा व्हायचो, ती चावी घेऊन यायची आन् शटर अर्धं वढून घ्यायची. हॉलात बाई दिसली की उद्या गावभर. म्हणून दुपार.

अनिल: मी तिला सांगितलं, आमच्याकडं ह्या टेबलाच्या खाली हीटर असतो, कापडाखालचा दगड गरम राहिला की बॉल चांगला पळतो. तर म्हणाली, आमच्या वर पत्रा हाय, आमचं फुकटात गरम.

शहादेव: हुशारच बाई. पर मला एक सांगा पाव्हणं. तुमी तिकडं, वैनी हिकडं. खेळत कसं होते?

अनिल: फोनवर. काठावर ह्या खुणा आहेत बघा, ठिपके. मी तिकडं मारायचो आणि तिन्ही बॉल कुठं थांबले ते खुणांवरून तिला सांगायचो. ती इथं तसेच लावायची. मग ती मारायची, मला सांगायची, मी तिकडं लावायचो.

शहादेव: एकच डाव, दोन टेबलांवर.

अनिल: हां.

शहादेव: आन् आता हे हाईत ते कुणाचं?

अनिल: मी ठेवलेत. त्या रविवारी. डाव तिचा आहे.

शहादेव: आस्सं. मंग मी ती करवत जरा बाजूला ठिवतो.

सुग्रीव: मिस्त्री, तुमी ठिवू नका. काम व्हायचंय. फक्त त्याच्या आधी एक गोष्ट. अनिल, तू मार हा.

अनिल: मी कसा मारू? मीच ठेवायचे आणि मीच मारायचे?

सुग्रीव: मग तसंच करवतीखाली जाऊ द्यायचं का?

अनिल: करवत तुम्ही बोलावलीत. मी नाही.

सुग्रीव: तू परवा इमानात बसशील. मला रोज शटर उघडायचंय. रोज हे तिघं माझ्याकडं बघतेत. तुला काय, तुझ्या तिकडं टेबलावर पिझ्झाचे खोके हाईत. तुला दिसतच न्हाई.

अनिल: बरोबर आहे.

सुग्रीव: बरोबर काय बरोबर. भांड की.

अनिल: काय भांडू दाजी? सव्वीस वर्षं तुमच्या घरात होती ती. माझ्याकडं रविवारचा एक तास.

शहादेव: चहा आला बघा. घ्या. गार होतोय.

सुग्रीव: तिला सापडला होता.

अनिल: काय?

सुग्रीव: हा शॉट. गेली त्या दिवशी सकाळी भाकरी थापत होती. मी आंघोळीला निघालतो. मधीच हात थांबवला आन् म्हणली, सापडला. म्हणलं, काय सापडलं? म्हणली, अनिलचं उत्तर. दुपारी चला हॉलवर, दाखवते.

अनिल: मग?

सुग्रीव: दुपारी मी नेकनूरला गेलतो. एकाकडं टेबलावर टांगायची जुनी लायटिंग होती, ती बघायला. म्हणलं, उद्या दाखव. उद्याला काय झालंय.

अनिल: तिनं स्वतः का नाही मारला मग, दुपारी?

सुग्रीव: मी बघायला पाहिजे होतो ना. मला कवाच बघायला वेळ नव्हता. तिला दाखवायचा होता.

शहादेव: पिवळा तिचा का?

सुग्रीव: पिवळा.

शहादेव: काठाला चिकटूनच बसलाय.

अनिल: म्हणूनच अवघड आहे. खुणांचा हिशोब केला तर पिवळा इथून लालला चाटून जायला पाहिजे, मग हा काठ, हा काठ, खिडकीच्या कोपऱ्याजवळून तिसरा, आणि पांढऱ्यावर. पण माझा कुठलाच हिशोब ह्या टेबलावर चालायचा नाही. मी म्हणायचो असा मार, ती म्हणायची तसा जात न्हाई. आणि मग भलतीकडून मारून पॉइंट घ्यायची. मला वाटायचं चीटिंग करते.

शहादेव: ते... त्याचं मला म्हाईत हाय.

अनिल: काय?

शहादेव: भोकं बुजवली तवा आत ट्रॅक्टरची ट्यूब कापून घातली मी, घडी करून. वरनं हिरवं कापड. पाच भोकांना पुरली. खिडकीकडच्या कोपऱ्याला संपली. दुकान बंद, आयतवार. मंग चपलेचा सोल होता, जाड, त्यो बसवला.

अनिल: चपलेचा?

शहादेव: नवाच होता. पोराची चप्पल. पट्टा तुटलेली.

सुग्रीव: मला न्हाई सांगितलं तुमी.

शहादेव: सांगायचं काय त्यात, दिसत तर न्हाई. वैनीला दोन-चार दिवसांत कळलं. दुकानावर आल्या. म्हणल्या, मिस्त्री, बाकीच्या कोपऱ्यांतून बॉल थकून निघतो आन् खिडकीच्या कोपऱ्यातून चिडून निघतो, काय घातलंय आत? मी कबूल केलं. म्हणलं, काढून देतो, ट्यूब आणली आता. तर म्हणल्या, नका काढू. मला आता त्याचा राग कळलाय.

अनिल: ती मला बोलली नाही कधी.

शहादेव: तुमाला कशाला सांगतील? तुमच्यासंगंच तर खेळत होत्या.

सुग्रीव: अनिल. मला शिकव.

अनिल: काय शिकवू?

सुग्रीव: हेच. स्टिक धरायला येती मला. हॉल माझा हाय.

अनिल: दाजी, पूल वेगळा.

सुग्रीव: ते कळतंय. शिकव.

अनिल: आधी खडू द्या. ह्या तिघांभोवती गोल काढून ठेवू, मग बॉल उचलू. त्या जागेवरून सराव करायचा नाही. त्या जागेवरून एकदाच.

सुग्रीव: का?

अनिल: डाव आहे ना तो. चुकला तर चुकला. बॉल जिथं थांबतील तिथून पुढचा नंबर माझा. तिचा संपला.

शहादेव: घ्या, माझा खडू घ्या. लाकडावर उठतो तसा कापडावर बी उठंल. हां. बारीक काढा.

सुग्रीव: आता?

अनिल: आता पिवळा इथं ठेवतो, मधे. लाल तिथं. तुम्ही फक्त काठाला लावून परत आणा. हळू. दाजी, हळू म्हणलं मी.

शहादेव: भिताडाला लागला असता.

सुग्रीव: सवय हाय हाताला.

अनिल: तुम्ही पाडायला मारताय. इथं पाडायला काही नाही. बॉलला नुसतं पाठवायचं, आणि तो कुठं जाऊन येतो ते बघत राहायचं. परत.

सुग्रीव: असा?

अनिल: मनगट सोडा. परत.

सुग्रीव: असा?

अनिल: बरा होता. तिकडं पोरांना हेच जमत नाही. शॉट मारला की वळतात, पुढचा बॉल बघायला लागतात. ट्रान म्हणतो, बॉल थांबेपर्यंत तुझं काम संपत नाही.

शहादेव: हे लहानपणीच्या गोट्यांसारखं वाटतंय मला. भिताडाला लावून मारायच्या त्या.

अनिल: ताई मारायला लावायची तशी. घाटनांदूरला, स्टेशनजवळच्या गोदामाच्या भिंतीला. पोरं तिला खेळू द्यायची नाहीत, मग मी गोटी घेऊन उभा राहायचो, आणि ती मागून सांगायची, त्या विटेवर मार. मी मारायचो. सगळ्या गोट्या माझ्या खिशात.

सुग्रीव: खिडकीकडं पाठवून बघू का?

अनिल: बघा.

सुग्रीव: आयला. चिडलाच की हा.

शहादेव: सोल चांगला होता म्हणलं ना मी.

सुग्रीव: परत मारतो.

शहादेव: मारा. मारत ऱ्हावा. मी निघतो, सुग्रीवभाऊ. आज करवत न्हाई चालवत.

सुग्रीव: तुमचा दिस वाया घालवला मिस्त्री.

शहादेव: दिसाचं काय. करवत टेबलाखाली ठिवून जातो. घरी न्हेली तर परत आणायची आठवण ऱ्हायची न्हाई मला. तुमी सांगा कवा ते. पाव्हणं, येतो. वैनीचा भाऊ म्हंजी आमचा बी भाऊच.

अनिल: या मिस्त्री.

सुग्रीव: अनिल, हे बघ. आता हळू गेला का?

अनिल: हळू गेला. काठ किती लागले?

सुग्रीव: दोन.

अनिल: तीन पाहिजेत.

\* \* \*

अनिल: हॅलो, जेवलात का दाजी?

सुग्रीव: जेवलो. घाटनांदूरहून पिठलं-भाकरी आलती. तुझ्या आईनं दिवाळीचं काही केलं न्हाई, पण फराळ म्हणून शेव धाडलीय.

अनिल: आणि थंडी?

सुग्रीव: पडलीय. पत्रा तापत न्हाई आता. बॉल जड पळतो.

अनिल: रोज जाता हॉलवर?

सुग्रीव: दुपारी जातो. शटर अर्धं वढून घेतो. आता बाईमाणूस न्हाई तरी वढून घेतो. पोरांना वाटतं, म्हातारा आत झोपतो.

अनिल: झोपत नाही ना?

सुग्रीव: न्हाई. काल दोन पॉइंट केले. एक मधल्या लालवरनं आन् एक चुकून. दुसऱ्या वेळंला पांढऱ्याकडं जायचाच नव्हता तो, चपलेनं धाडला.

अनिल: तोही मोजा.

सुग्रीव: मोजला. तुझं काय? लीग चालू का?

अनिल: सोडली. म्हणजे नाव आहे, जात नाही. मागच्या टेबलावर असतो. आपलाच डाव लावला होता परवा तिकडं, तिच्या जागा बघून. एकजण आला, म्हणाला काय लावलंय हे? सांगितलं सगळं. ताई, फोन, तुमचा हॉल. ऐकून घेतलं त्यानं, मग म्हणाला, सॉरी. आणि विचारलं, हा संपवून पूल खेळतोस का? टेबल रिकामं आहे.

सुग्रीव: चांगला होता मग.

अनिल: चांगलाच होता. त्याला नुसता हा खेळ नको होता. ट्रान मात्र लई वेळ उभा राहिला. वाकून बघितलं, सगळीकडून फिरून बघितलं. म्हणाला, चार तऱ्हेनं होतो हा.

सुग्रीव: तुझ्या टेबलावर.

अनिल: माझ्या टेबलावर. तुमच्या टेबलाबद्दल विचारलं तर म्हणाला, चपलेचं मला काय माहीत.

सुग्रीव: मला वाटतं, ती चपलेवरनंच मारणार होती.

अनिल: असेल.

सुग्रीव: लालला चाटून न्हाई मारायची. आधी खिडकीकडं धाडायची. तिथनं चिडून निघंल, तवा दोन काठ जास्तीचे घेईल. बाजूला सराव करून बघितलं मी. पिवळा जवळ येतो पांढऱ्याच्या. लागत न्हाई, पण जवळ येतो.

अनिल: किती जवळ?

सुग्रीव: मधी बोट जाईल एवढा. म्हणजे तिला नक्की हेच सापडलं होतं का, ते काय मला सांगता येत न्हाई. दुसरं बी काही असंल.

अनिल: हं.

सुग्रीव: शहादेव मिस्त्री इचारून गेला, करवत नेऊ का. म्हणलं, राहू द्या. तो म्हणला, गंजंल. म्हणलं, तेल लावून ठिवतो. लावलं बी.

अनिल: आणि पोरं? टेबलाचं काय म्हणतात?

सुग्रीव: काय म्हणणार. हेल्मेटं खाली ठिवतेत आता. खडूचे गोल दिसतेत त्यांना, पण इचारत न्हाईत कुणी. पुसट होतेत ते, मी परत वढतो. सरावाला बॉल उचलले तर संध्याकाळी परत त्याच्यात ठिवतो. आधी पिवळा.

अनिल: दाजी, तो शॉट?

सुग्रीव: न्हाई. तो अजून मारला न्हाई.